सामाजिक धोरणाची पदव्युत्तर पदवी : एक धागा धरून अभ्यास कसा करावा

सामाजिक धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला पहिल्या काही आठवड्यांतच न्यायाविषयीचे तत्त्वज्ञान, दारिद्र्यरेषेचे गणित, कल्याणकारी राज्याचा इतिहास, सरकारी खर्चाचे अर्थशास्त्र आणि मुलाखती घेण्याचे तंत्र हे सारे एकदम समोर येते, आणि त्या प्रत्येकाची भाषा निराळी असते. या विषयाला स्वतःची अशी एकच अभ्यासपद्धत नाही. त्याला स्वतःचे प्रश्न मात्र आहेत : आजारपण, म्हातारपण, बेकारी, अपंगत्व किंवा मुलांचे संगोपन यांमुळे माणसाची मिळकत आटते किंवा खर्च वाढतो, तेव्हा समाजाने त्याला काय द्यावे, कोणाकोणाला द्यावे, त्याचा भार कोणी उचलावा आणि ठरवलेले प्रत्यक्षात पोचले की नाही हे कसे ओळखावे. हे प्रश्न हातातून सुटले, तर दोन सत्रांच्या शेवटी विद्यार्थ्याजवळ भरपूर टिपणे असतात, पण त्यांतून स्वतःचे असे एकही मत उभे राहत नाही.

म्हणून माझा मुख्य सल्ला असा आहे, की पहिल्या महिन्यातच एखादी ठोस तरतूद निवडावी आणि अभ्यासक्रमातील प्रत्येक विषय तिच्यावर घासून पाहावा. ती तरतूद बेकारभत्त्याची असू शकेल, घरभाड्याच्या साहाय्याची असू शकेल किंवा बाळंतपणाच्या रजेची. या लेखात मी वृद्धापकाळच्या निवृत्तिवेतनाचे उदाहरण शेवटपर्यंत धरले आहे, कारण ही तरतूद जगात बहुतेक ठिकाणी कोणत्या ना कोणत्या रूपात आहे आणि तिच्यावरील साहित्य विपुल आहे.

प्रवेश घेण्याआधी

समाजकार्य, सार्वजनिक धोरण, लोकप्रशासन, विकास अभ्यास आणि सामाजिक धोरण या शेजारच्या विषयांतील फरक अर्ज करण्यापूर्वी नीट समजून घेतला पाहिजे. समाजकार्याच्या पदवीत व्यक्ती, कुटुंब आणि वस्ती यांच्यासोबत प्रत्यक्ष काम करण्याचे व्यावसायिक प्रशिक्षण असते. सार्वजनिक धोरणाचा पसारा ऊर्जेपासून वाहतुकीपर्यंत सगळीकडे असतो आणि तेथे निर्णयप्रक्रियेवर भर असतो. सामाजिक धोरणाचे क्षेत्र उत्पन्नसुरक्षा, आरोग्य, शिक्षण, निवारा, रोजगार आणि सेवाशुश्रूषा यांच्याभोवती असते, आणि विषमता हा त्याचा कायमचा संदर्भ असतो. या विषयांच्या सीमा पूर्वीपासून एकमेकींत मिसळलेल्या आहेत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील या विषयाचा विभाग 1912 साली सुरू झाला तो सर रतन टाटा यांच्या देणगीच्या आधाराने, आणि त्याच्या आरंभीच्या कामात समाजसेवकांचे प्रशिक्षण आणि दारिद्र्याच्या कारणांचे संशोधन या दोन्ही गोष्टी होत्या. तेथे त्या काळी शिकवणारे क्लेमेंट अ‍ॅटली पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले आणि त्यांच्याच सरकारने 1948 साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. अध्यापन, संशोधन आणि प्रत्यक्ष कायदा यांच्यातील असे नाते ज्याला हवे आहे, त्याच्यासाठी हा विषय आहे.

अभ्यासक्रम निवडताना संस्थेच्या नावलौकिकापेक्षा चार गोष्टी तपासाव्यात : संख्यात्मक पद्धती अनिवार्य आहेत की ऐच्छिक, प्रबंधाला किती श्रेयांक आहेत, क्षेत्रकार्य आहे का, आणि शिकवणाऱ्यांपैकी निदान दोघांचे चालू संशोधन आपल्या प्रश्नाच्या जवळचे आहे का. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात वाचनाचा वेग फार असतो आणि प्रबंधाचा विषय लवकर ठरवावा लागतो, तर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याला वाव मिळतो. उद्देशपत्रात समाजसेवेची तळमळ व्यक्त करण्यापेक्षा एक प्रश्न मांडावा. ‘मला वंचितांसाठी काम करायचे आहे’ या वाक्यातून निवड समितीला काही कळत नाही. ‘ज्यांनी आयुष्यभर नोंद नसलेले काम केले, त्यांना अंशदानावर, म्हणजे नियमित वर्गणीवर, आधारलेल्या निवृत्तिवेतनात कसे आणता येईल’ या वाक्यातून अर्जदाराने विचार सुरू केला आहे, हे दिसते.

धागा निवडताना

निवडलेल्या तरतुदीचे नियम लिखित आणि उपलब्ध असावेत, ते निदान एकदा बदललेले असावेत, आणि तिच्याविषयी एखाद्या मोठ्या सर्वेक्षणात माहिती गोळा होत असावी. नियम बदललेले असणे महत्त्वाचे आहे, कारण बदलाच्या आधीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहता येते, आणि बदलाच्या वेळी झालेल्या वादात दोन्ही बाजूंची खरी भूमिका उघड होते.

निवृत्तिवेतनाच्या इतिहासाकडे या नजरेने पाहिले, की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. जर्मनीने 1889 साली वृद्धापकाळ आणि अपंगत्व विम्याचा कायदा केला, तेव्हा कामगार आणि मालक या दोघांनी वर्गणी भरायची, सरकारने त्यात भर घालायची आणि सत्तराव्या वर्षी वेतन सुरू व्हायचे, अशी रचना होती. ब्रिटनने 1908 साली कायदा केला तोही सत्तरीच्याच माणसांसाठी, पण तेथे वर्गणी नव्हती. पैसा करातून येत होता, उत्पन्नाची मर्यादा होती, आणि सवयीने काम टाळणाऱ्याला निवृत्तिवेतन नाकारण्याची तरतूदही होती. वय तेच आणि हेतूही वरवर तोच, पण पहिल्या रचनेत माणूस भरलेल्या वर्गणीच्या बळावर हक्क सांगतो आणि दुसऱ्या रचनेत त्याला आपली गरज, शिवाय आपली लायकी, सिद्ध करावी लागते. तिसरी वाटही आहे : लेसोथोने 2004 साली सत्तरीवरील नागरिकांना उत्पन्नाची अट न घालता निवृत्तिवेतन द्यायला सुरुवात केली. विमा, गरजेची चाचणी आणि सार्वत्रिक हक्क ही तीन तत्त्वे या तीन उदाहरणांतून एकदा मनात बसली, की पुढे आरोग्य किंवा निवारा या विषयांवरील व्याख्यानातही ती ओळखता येतात. एक तरतूद खोल अभ्यासल्याने बाकीच्या दुर्लक्षित राहतील, ही भीती त्यामुळे अनाठायी ठरते.

सिद्धान्त वाचताना

सिद्धान्ताचे वाचन अनेकांना निवडलेल्या प्रश्नापासून दूर नेणारे वाटते. तसे होऊ नये म्हणून प्रत्येक विचारवंताला आपल्या तरतुदीविषयी एक प्रश्न विचारावा. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ टी. एच. मार्शल यांनी 1949 साली केंब्रिज येथे दिलेल्या व्याख्यानांत नागरी, राजकीय आणि सामाजिक हक्कांचा क्रम मांडला. मग निवृत्तिवेतन हा त्या अर्थाने हक्क आहे का, की सरकार बदलले की मागे घेता येणारी सवलत आहे, आणि ते नाकारले गेले तर दाद कोठे मागता येते? रिचर्ड टिटमस यांनी 1950 च्या दशकात दाखवून दिले, की कल्याण म्हणजे केवळ सरकारने उघडपणे दिलेले भत्ते नव्हेत. करसवलती आणि नोकरीसोबत मिळणारे लाभ हेही कल्याणाचेच प्रकार आहेत, आणि ते बहुधा सुस्थितीतील लोकांच्या वाट्याला येतात. हा विचार निवृत्तिवेतनाला लावला, तर गरीब वृद्धाला मिळणारी रक्कम खर्चाच्या रकान्यात ठळक दिसते, पण चांगल्या पगाराच्या माणसाला निवृत्तीसाठी केलेल्या बचतीवर मिळणारी करसूट तशी सहज दिसत नाही, हे उमगते. माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमातील सर्वांत उपयोगी धड्यांपैकी हा एक आहे.

गोस्टा एस्पिंग-अँडरसन यांनी 1990 साली केलेले कल्याणकारी राज्यांचे उदारमतवादी, परंपरानिष्ठ आणि समाजवादी-लोकशाही असे त्रिविध वर्गीकरण जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमात भेटते. जगण्यासाठी माणसाला बाजारावर किती अवलंबून राहावे लागते, ही त्याची एक मुख्य कसोटी आहे. ते अवश्य शिकावे, पण एखादा देश कोणत्या खान्यात बसतो हे सांगून थांबू नये. स्त्रीवादी अभ्यासकांनी या वर्गीकरणावर घेतलेला आक्षेप सोबतच वाचावा : घरातील विनामोबदला सेवाशुश्रूषा बाईच्या माथी असते, आणि ती हिशेबात न धरता बाजारावरचे अवलंबित्व मोजले, तर अर्धे चित्र हरवते. वर्गणीवर आधारलेल्या निवृत्तिवेतनात हे फार स्पष्ट दिसते. मुलांसाठी आणि आजाऱ्यांसाठी नोकरी सोडलेल्या बाईच्या खात्यात वर्गणीची वर्षे कमी असतात, म्हणून म्हातारपणी तिची रक्कमही कमी असते. ब्रिटनमध्ये सामाजिक विम्याची योजना मांडणाऱ्या 1942 च्या बेव्हरिज अहवालात विवाहित स्त्रीला मुख्यतः नवऱ्यावर अवलंबून असलेली व्यक्ती मानले होते, आणि त्या गृहीतकाचे परिणाम तेथील स्त्रियांच्या निवृत्तिवेतनावर पुढे दीर्घकाळ टिकले. ज्या देशांत बहुसंख्य लोक असंघटित क्षेत्रात राबतात, तेथे हे वर्गीकरण आणखीच अपुरे पडते.

कागदपत्रे वाचण्याची सवय

वाचनाची यादी नेहमीच वाचून होण्यापेक्षा मोठी असते. अनिवार्य म्हणून नेमलेले लेख पूर्ण वाचावेत आणि पूरक लेखांचा गोषवारा, प्रस्तावना, तक्ते आणि निष्कर्ष पाहावेत. प्रत्येक लेखावर अर्ध्या पानाचे टिपण लिहावे : लेखकाचे म्हणणे काय, पुरावा कोणता, ते कोणत्या काळापुरते आणि कोणत्या लोकांपुरते खरे आहे, आणि त्यामुळे आपल्या तरतुदीविषयीचे मत बदलते का. यांतील शेवटचे उत्तर लिहिण्याची टाळाटाळ करू नये, कारण निबंध पुढे त्याच उत्तरांतून तयार होतो.

पण केवळ विद्वानांचे लेख वाचून धोरण समजत नाही. मूळ कायदा, त्याखालील नियम, अंदाजपत्रकातील तरतूद, लेखापरीक्षणाचा अहवाल आणि अर्जाचा नमुना ही पाच कागदपत्रे शेजारी ठेवून वाचली, तर एकाच निवृत्तिवेतनाची पाच रूपे दिसतात. कायदा हेतू सांगतो. नियम त्या हेतूला अटी घालतात. अंदाजपत्रकातील मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तिन्ही आकडे पाहावेत, कारण जाहीर होते ती बहुधा पहिली रक्कम असते आणि लोकांपर्यंत पोचते ती तिसरी. लेखापरीक्षणात पैसा कोठे अडला ते कळते. आणि अर्जाचा नमुना तर मी प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः भरून पाहायला सांगेन. जन्मतारखेचा पुरावा मागितला आहे, पण जिच्या जन्माची नोंदच झाली नाही अशा बाईने काय जोडावे? हयातीचा दाखला दरवर्षी प्रत्यक्ष येऊन द्यायचा असेल, तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे काय? धोरणातील वगळणूक पुष्कळदा अशा एखाद्या रकान्यात लपलेली असते आणि कायद्याच्या मजकुरात तिचा उल्लेखही नसतो.

अंमलबजावणीवरील अभ्यासाची परंपरा येथे कामी येते. जेफ्री प्रेसमन आणि अ‍ॅरन विल्डाव्हस्की यांनी 1973 साली अमेरिकेतील ओकलंड शहरातील एका रोजगारनिर्मितीच्या कार्यक्रमाचा मागोवा घेऊन दाखवले, की ज्याला उघड विरोध कोणाचाच नाही असा कार्यक्रमही निर्णयांच्या लांबलचक साखळीमुळे अडखळतो. मायकेल लिप्स्की यांनी 1980 साली शिक्षक, पोलीस, समाजसेवक अशा जनतेशी थेट संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांकडे लक्ष वेधले. अपुरा वेळ आणि वाढते काम यांत हे लोक रोज जे निर्णय घेतात, तेच नागरिकाच्या दृष्टीने प्रत्यक्ष धोरण असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे वाचल्यावर खिडकीमागच्या माणसाला नुसता दोष देणे विद्यार्थी थांबवतो आणि त्याच्या टेबलावर किती अर्ज आहेत हे विचारू लागतो.

आकड्यांशी मैत्री

संख्याशास्त्राला घाबरून पूर्णपणे गुणात्मक पद्धतीकडे वळणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. गुणात्मक पद्धत निवडण्यात गैर काही नाही, पण ती भीतीपोटी निवडू नये. सुरुवातीला लागणारे गणित फार अवघड नसते. समजा एका वस्तीत 100 वृद्ध आहेत आणि त्यांपैकी 40 गरीब आहेत. उत्पन्नाच्या चाचणीनंतर 40 जणांना निवृत्तिवेतन मिळाले, पण त्यांत गरीब 30 च होते आणि उरलेले 10 सुस्थितीतील होते. येथे 40 पैकी 10 गरीब सुटले, म्हणजे वगळण्याची चूक 25 टक्के झाली, आणि 40 लाभार्थ्यांपैकी 10 अपात्र होते, म्हणजे समावेशाची चूकही 25 टक्केच झाली. आकडा सारखा असला, तरी या दोन चुकांचे वजन सारखे नाही. पहिल्या चुकीत कोणाचे तरी जगणे अडते आणि दुसरीत सरकारी पैसा चुकीच्या हाती जातो. चाचणी कडक केली, की दुसरी चूक कमी होते, पण पहिली बहुधा वाढते. लाभ सार्वत्रिक असावा की लक्ष्यित, म्हणजे फक्त गरजूंना निवडून दिलेला, हा जुना वाद या छोट्या हिशेबातून जितका समजतो, तितका घोषणांतून समजत नाही.

दारिद्र्याच्या मोजमापातही हीच काळजी घ्यावी. गरिबांचे प्रमाण कळले, तरी ते दारिद्र्यरेषेच्या किती खाली आहेत हे त्यातून कळत नाही. जेम्स फॉस्टर, जोएल ग्रीर आणि एरिक थॉर्बेक यांनी 1984 साली मांडलेले निर्देशांक यासाठीच शिकवले जातात. शिवाय रेषा निरपेक्ष आहे की सापेक्ष हेही पाहावे लागते. युरोपीय संघात मध्यक उत्पन्नाच्या (निम्मे लोक ज्याच्या वर आणि निम्मे खाली असतात त्या उत्पन्नाच्या) 60 टक्क्यांहून कमी उत्पन्न असलेल्यांना दारिद्र्याचा धोका असलेले मानतात, आणि ही रेषा समाजाच्या उत्पन्नासोबत हलते.

यापुढचा टप्पा कार्यकारणाचा आहे. निवृत्तिवेतन मिळणारी कुटुंबे न मिळणाऱ्या कुटुंबांहून गरीब दिसली, तर निवृत्तिवेतनाने गरिबी वाढवली असे कोणी म्हणणार नाही, पण याच जातीची चूक कमी उघड रूपात अनेक अहवालांत सापडते. तुलनेसाठी योग्य गट कसा शोधायचा, हा या अभ्यासक्रमातील पद्धतिशास्त्राचा गाभा आहे. मेक्सिकोत 1997 साली सुरू झालेल्या, गरीब कुटुंबांना रोख मदत देणाऱ्या ‘प्रोग्रेसा’ कार्यक्रमात काही गावांना आधी आणि काहींना नंतर लाभ देण्याचा क्रम यादृच्छिक, म्हणजे सोडतीसारख्या, पद्धतीने ठरवला होता, त्यामुळे दोन्ही गटांची तुलना विश्वासार्ह ठरली. जेथे असे करता येत नाही, तेथे नियमच मदतीला येतो : वयाची अट नुकतीच पूर्ण केलेले आणि थोडक्यात हुकलेले लोक बाकी बाबतींत बरेचसे सारखे असतात, म्हणून त्यांच्यातील फरक निवृत्तिवेतनामुळे पडला असे म्हणायला आधार मिळतो. दक्षिण आफ्रिकेतील वृद्ध निवृत्तिवेतनाच्या विस्ताराचा अभ्यास करताना एस्थर डुफ्लो यांना आढळले, की रक्कम आजीच्या हाती आली तेव्हा घरातील नातींचे पोषण सुधारले, पण ती पुरुषाच्या हाती आली तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. म्हाताऱ्यांसाठीच्या तरतुदीचा परिणाम लहान मुलींच्या शरीरावर मोजता येतो, हे पाहिल्यावर संख्याशास्त्राच्या तासाला बसण्याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. संगणकप्रणाली विभागात शिकवतात तीच वापरावी. निवड आपल्या हाती असेल, तर ‘आर’ शिकावी, कारण ती विनामूल्य आहे आणि पदवीनंतरही हाताशी राहते.

माणसांशी बोलताना

मुलाखती घेण्यापूर्वी नैतिकता समितीची मान्यता लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज लवकर करावा. पण ती औपचारिकता पूर्ण केली म्हणजे जबाबदारी संपली असे होत नाही. निवृत्तिवेतनाची वाट पाहणारा वृद्ध, वही घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला कार्यालयातून आलेला माणूस समजण्याची शक्यता मोठी असते, आणि त्या आशेने किंवा धास्तीने त्याची उत्तरे बदलतात. आपल्या हातात मंजुरी नाही आणि उत्तर काहीही दिले तरी लाभावर परिणाम होणार नाही, हे सुरुवातीला आणि पुन्हा शेवटी साध्या शब्दांत सांगितले पाहिजे. ज्यांनी अर्जच केला नाही त्यांनाही शोधावे. लाभार्थ्यांच्या यादीवरून मुलाखती घेणारा विद्यार्थी योजनेला यशस्वी ठरवून परत येतो, कारण जे बाहेर राहिले ते त्या यादीत नसतातच.

प्रबंध

प्रबंधाचा प्रश्न एका वाक्यात मावला पाहिजे आणि उपलब्ध महिन्यांत त्याचे उत्तर मिळण्याजोगे असले पाहिजे. ‘वृद्धांच्या सामाजिक सुरक्षेचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘हयातीच्या दाखल्याची पद्धत बदलल्यानंतर कोणत्या वृद्धांचे निवृत्तिवेतन खंडित झाले आणि का’ हा प्रश्न आहे. दोन देशांची तुलना करायची असेल, तर नावावरून तुलना करू नये. एका देशात जे काम भत्ता करतो, तेच दुसऱ्या देशात करसवलत किंवा कुटुंबावरील कायदेशीर जबाबदारी करत असते, म्हणून आधी गरज ठरवावी आणि मग ती कोठे कशी भागवली जाते ते शोधावे. सामाजिक खर्चाचे राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण पाहतानाही, काही देश दिलेल्या भत्त्यावर पुन्हा कर आकारतात हे लक्षात ठेवावे, नाहीतर ढोबळ आणि निव्वळ खर्चाची गल्लत होते.

वेळापत्रक सादर करण्याच्या तारखेपासून मागे आखावे आणि शेवटचे तीन आठवडे फक्त पुनर्लेखनासाठी राखून ठेवावेत. मार्गदर्शकांना भेटताना रिकाम्या हाताने जाऊ नये. दोन पाने लिहून नेली आणि त्यांतील अडलेली जागा स्वतः दाखवली, तर भेटीचा उपयोग कितीतरी पटीने वाढतो. लेखनाची सुरुवात कल्याणकारी राज्याच्या समग्र इतिहासापासून करण्याचा मोह फार जणांना होतो आणि त्यात निम्मे प्रकरण खर्ची पडते. पहिल्याच पानावर प्रश्न, त्याचे महत्त्व आणि आपले उत्तर थोडक्यात यावे. विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद स्वतः मांडून मग त्याला उत्तर द्यावे. उदाहरणार्थ, सार्वत्रिक निवृत्तिवेतनाची बाजू घेणाऱ्याने, तेवढ्याच पैशांत फक्त गरिबांना अधिक मोठी रक्कम देता आली असती, या आक्षेपाला सामोरे गेलेच पाहिजे.

प्रबंध सादर झाल्यावर त्याच आठवड्यात, विषय मनात ताजा असताना, त्याचे दोन पानांचे धोरणटिपण करावे : समस्या काय, पुरावा काय सांगतो, कोणता नियम कसा बदलावा आणि त्याला अंदाजे किती खर्च येईल. सरकारी विभाग, संशोधन संस्था आणि स्वयंसेवी संस्था उमेदवाराकडून लेखनाचा नमुना मागतात तेव्हा पूर्ण प्रबंधापेक्षा हे टिपण अधिक उपयोगी पडते. ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांच्यासाठीही त्याची सोप्या भाषेतली एक प्रत तयार करून पोचवावी.